वाचक विचारतात : सर्व्हरवरच्या पॅकेजची दुरुस्ती कोण पाठवते?

स्वतःच्या जागेत सर्व्हर ठेवून त्यावर मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवणाऱ्या पुणे परिसरातील वाचकांची सात पत्रे या वेळी निवडली आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत, तरी प्रत्येक पत्र वाचताना माझ्या मनात एकच शंका आली : यंत्रावर जे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधून दिलेले सॉफ्टवेअर, बसवले, त्याची दुरुस्ती कोण पाठवणार आणि किती वर्षे पाठवणार, हे बसवणाऱ्याने त्या दिवशी पाहिले होते का? उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेतील ग्रंथालयात ‘कोहा’ ही ग्रंथालयाची प्रणाली डेबियन या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या संगणकावर चालते. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी, सुरक्षेसाठी आवश्यक म्हणून, मी एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामची ‘एपीटी अपग्रेड’ ही कमांड दिली. सोमवारी पाहतो तो कोहाची आवृत्तीच बदललेली, देवघेवीची स्क्रीन वेगळी आणि आम्ही तयार करून घेतलेले तीन अहवाल बंद पडलेले. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा प्रयत्नही फसला. तेव्हापासून आठ महिने मी एकही अपडेट घेतलेले नाही. हे योग्य नाही हे कळते, पण पुन्हा तसेच झाले तर सभासदांना काय सांगायचे?

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि आपण दिलेली कमांडही चुकीची नव्हती. चूक बहुधा कोहा बसवण्याच्या दिवशीच, एका शब्दापुरती, झालेली असावी. कोहाचे पॅकेज डेबियनच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे इंटरनेटवरील पॅकेजच्या भांडारातून, येत नाही. कोहा प्रकल्पाची स्वतःची रिपॉझिटरी आहे आणि तिचा पत्ता आपल्या संगणकावर एपीटीच्या स्रोतांच्या फोल्डरात एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. त्या पत्त्यापुढे ‘स्टेबल’ असे लिहिता येते, ‘ओल्डस्टेबल’ असे लिहिता येते किंवा ‘२४.११’ असा आवृत्तीचा आकडाही देता येतो. पुष्कळ जण ‘स्टेबल’ लिहितात, कारण शब्द धीर देणारा आहे; परंतु येथे त्याचा अर्थ ‘न बदलणारी आवृत्ती’ असा नसून ‘सध्या जी चालू मानली जाते ती आवृत्ती’ असा आहे. कोहाची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबर या महिन्यांत येते, आणि आवृत्तीचा आकडा म्हणजे ते वर्ष व तो महिनाच असतो. नोव्हेंबर उलटला की ‘स्टेबल’ या पाटीखालचा माल बदलतो, आणि डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी साधे अपग्रेड करणाऱ्याच्या पदरात नवी आवृत्ती पडते. आपल्याकडे नेमके हेच घडलेले दिसते.

डेबियनच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. स्रोतांच्या फाइलमध्ये ‘बुकवर्म’ (डेबियन १२) असे आवृत्तीचे नाव न लिहिता ‘स्टेबल’ लिहिलेल्या संगणकांना ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, प्रसिद्ध होताच त्याच पाटीखाली संपूर्ण नवी प्रणाली दिसू लागली. म्हणून माझा आग्रह असा, की सर्व्हरच्या स्रोतांच्या फाइलमध्ये ‘स्टेबल’ हा शब्द कोठेही ठेवू नये. जेथे नाव आहे तेथे नाव आणि जेथे आकडा आहे तेथे आकडा लिहावा.

जुन्या आवृत्तीवर परत जाता आले नाही, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. कोहाचे पॅकेज बदलताना डेटाबेसमधील तक्त्यांची रचनाही नव्या आवृत्तीप्रमाणे बदलली जाते आणि जुन्या प्रोग्रामला ही नवी रचना उमगत नाही. नुसते जुने पॅकेज परत बसवून म्हणूनच काही साधत नाही. अपग्रेडच्या आधी घेतलेला बॅकअप हाच एक परतीचा रस्ता असतो. कोहा रोज स्वतःहून एक बॅकअप घेत असते, पण तो त्याच डिस्कवर राहतो आणि थोड्याच दिवसांत पुसला जातो. अपग्रेडच्या दिवशी ‘कोहा-डंप’ने मुद्दाम बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवावा.

आता आठ महिन्यांचा अनुशेष कसा भरून काढावा, ते सांगतो. प्रथम वरीलप्रमाणे बॅकअप घ्या. नंतर ‘एपीटी-मार्क होल्ड’ ही कमांड ‘कोहा-कॉमन’ या पॅकेजाला लावा, म्हणजे ते जागच्या जागी राहील, आणि डेबियनची सर्व सुरक्षा अपडेट त्याच दिवशी घेऊन संगणक पुन्हा सुरू करा. या टप्प्याला आणखी एक दिवसही उशीर करू नका, कारण वेब सर्व्हर, डेटाबेस आणि कर्नेल (प्रणालीचा गाभा) यांच्या आठ महिन्यांतल्या उघड झालेल्या त्रुटी आपल्या यंत्रावर तशाच पडून आहेत. दुसऱ्या टप्प्यात स्रोतांच्या फाइलमध्ये ‘स्टेबल’च्या जागी आज आपल्याकडे असलेल्या आवृत्तीचा आकडा लिहा, ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ ही कमांड देऊन कोणती आवृत्ती कोणत्या पत्त्यावरून येणार ते डोळ्यांनी पाहा आणि मगच होल्ड काढा. होल्ड काढायचे राहून गेले तर त्या पॅकेजाची दुरुस्ती कायमची थांबते आणि कोणी आठवणही करून देत नाही. म्हणून होल्ड लावला त्या दिवसाची नोंद ग्रंथालयाच्या रोजच्या वहीत करावी.

यापुढची व्यवस्था दोन हातांत विभागावी. डेबियनची सुरक्षा अपडेट ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या पॅकेजावर सोपवावीत. डेबियन सर्व्हरवर ते आपण स्वतः बसवून सुरू केले आहे का, याची खात्री करून घ्यावी लागते. ते फक्त त्याच्या यादीतल्या स्रोतांनाच हात लावते आणि कोहाची रिपॉझिटरी त्या यादीत आपोआप नसते, त्यामुळे कोहा तुमच्या नकळत बदलणार नाही. याची दुसरी बाजू अशी, की कोहाची स्वतःची सुरक्षा दुरुस्तीही आपोआप येणार नाही. ती जवळपास दर महिन्याला निघणाऱ्या देखभाल आवृत्त्यांमधून येते आणि आकडा लिहिलेला असेल तर त्याच मुख्य आवृत्तीच्या आत राहून घेता येते. त्यासाठी महिन्यातला एक ठरावीक दिवस राखून ठेवा. तो गुरुवार नसावा. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची तर ती बहुधा गुरुवारी ठेवतात, आणि पॅकेज बसत असताना मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते. तसे झालेच, तर ‘डीपीकेजी’ या पॅकेज बसवणाऱ्या मूळ कमांडला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन राहिलेले काम पुरे करता येते. पण डेटाबेसची रचना बदलत असताना वीज गेली, तर बॅकअपकडेच वळावे लागते. यूपीएस नसेल, तर ग्रंथालयाच्या पुढच्या अंदाजपत्रकात तो आधी घाला.

नवी मुख्य आवृत्तीही केव्हातरी घ्यावीच लागेल, कारण एका आवृत्तीची देखभाल साधारण दीड वर्ष चालते. पण ती घेण्याचा दिवस आपण निवडायचा असतो. आधी दुसऱ्या संगणकावर बॅकअप उतरवून, ते तीन अहवाल चालवून पाहून.

प्रश्न : भोसरीत आमचा लहान कारखाना आहे. एका ग्राहकाच्या वतीने आलेल्या ऑडिटरने त्रुटी शोधणारा स्कॅनर प्रोग्राम चालवून अहवाल दिला, की आमच्या डेबियन १२ सर्व्हरवरील ‘ओपनएसएसएच’ या दुरून लॉगइन करण्याच्या प्रोग्रामची ९.२ ही आवृत्ती जुनी असून २०२४ मधील गंभीर त्रुटीला बळी पडू शकते. आमचे सर्व्हिस इंजिनीअर म्हणतात, की सर्व अपडेट वेळेवर घेतली आहेत. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोघांचेही म्हणणे प्रामाणिक असू शकते, कारण दोघे आवृत्तीच्या आकड्याचे वेगवेगळे भाग वाचत आहेत. डेबियन एकदा प्रसिद्ध झाले, की सहसा त्यातील पॅकेजची मूळ आवृत्ती वाढवत नाहीत. नव्या आवृत्तीत केलेली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी काढून जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. असे करण्यामागे हेतू हा, की दुरुस्तीबरोबर नवे वर्तन येऊ नये आणि चालू काम बिघडू नये.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली तेव्हा हा घोटाळा जगभर झाला होता. ‘ओपनएसएसएल’ या माहिती कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत त्रुटी होती आणि मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढून ती दुरुस्त केली. डेबियन ७ मध्ये मात्र दुरुस्तीनंतरही आकडा १.०.१ई असाच दिसत होता; बदलले होते ते शेपूट, ‘डेब७यू५’. ज्यांनी फक्त पुढचा आकडा वाचला, त्यांनी सुरक्षित यंत्रांनाही धोकादायक ठरवले. आपल्या प्रकरणातील त्रुटी, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला दिलेला जागतिक क्रमांक), १ जुलै २०२४ रोजी जाहीर झाली. ती ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती, म्हणून ९.२ हा आकडा वाचून ऑडिटरच्या स्कॅनरने धोक्याची खूण केली. डेबियन १२ मध्ये ही दुरुस्ती ‘डेब१२यू३’ या शेपटाने आली. आपल्या यंत्रावर ते किंवा त्याहून मोठे शेपूट असेल, तर ही त्रुटी बुजलेली आहे. डेबियनचा सुरक्षा विभाग प्रत्येक सीव्हीई क्रमांकापुढे कोणत्या आवृत्तीत कोणत्या पॅकेजाने दुरुस्ती आली हे प्रसिद्ध करतो. ते पान आणि यंत्रावरील पॅकेजची यादी शेजारी ठेवून ऑडिटरला द्यावी आणि पुढच्या वेळी बाहेरून नव्हे, तर यंत्रावर लॉगइन करून स्कॅन करण्याची विनंती करावी.

इंजिनीअरनाही मात्र एक प्रश्न विचारा : अपडेटनंतर सेवा पुन्हा सुरू केल्या होत्या का? डिस्कवरची लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) बदलली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम स्मृतीतली जुनीच प्रत वापरत राहतो. मी स्वतः एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळत असताना वर्षभर कर्नेलची अपडेट न चुकता घेतली आणि यंत्र एकदाही पुन्हा सुरू केले नाही; बारा महिन्यांनी लक्षात आले, की चालू कर्नेल वर्षापूर्वीचाच आहे. त्या वर्षात काही विपरीत घडले नाही, तरी ती गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ‘नीडरीस्टार्ट’ हे पॅकेज बसवले, की कोणती सेवा जुन्या लायब्ररीवर अडकली आहे आणि कर्नेलसाठी यंत्र पुन्हा सुरू करायला हवे का, हे ते स्पष्ट सांगते. आणि एक अपवाद लक्षात ठेवा : डेबियनबाहेरून आणून बसवलेल्या सॉफ्टवेअरला शेपटाचा हा नियम लागू नाही. तेथे ऑडिटरचेच म्हणणे खरे असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. एका बाहेरच्या रिपॉझिटरीची ‘की’ (सही तपासण्याची डिजिटल किल्ली) कालबाह्य झाल्याचा संदेश येऊन ‘एपीटी अपडेट’ अडू लागले. इंटरनेटवर सापडलेल्या सूचनेप्रमाणे स्रोताच्या ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहिले आणि अडचण संपली. हे ठीक आहे ना?

उत्तर : नाही, आणि ही ओळ आजच काढावी असे मी कळकळीने सांगतो. रिपॉझिटरीत ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते. तिच्यावर प्रकल्पाची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणाऱ्या खुणा, असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. म्हणजे एका सहीवर हजारो पॅकेजची साखळी उभी असते. ‘ट्रस्टेड=येस’ लिहिल्याने संदेशाबरोबर ही साखळीच नाहीशी होते; त्या पत्त्यावरून किंवा वाटेत कोणी मध्ये बसून जे देईल ते बसवले जाते. पॅकेज बसताना त्यातील स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात, हे ध्यानात घेतले तर बाहेरची रिपॉझिटरी जोडणे म्हणजे त्या प्रकल्पाच्या हाती आपल्या यंत्राची किल्ली देणे होय. किल्ली ओळखीच्या माणसाकडे आहे की नाही, एवढेच सही सांगते, आणि तीच तपासणी आपण बंद केली आहे.

की कालबाह्य होणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रकल्प ठरावीक काळाने नवी की किंवा वाढवलेली मुदत प्रसिद्ध करतात. ती प्रकल्पाच्या अधिकृत पत्त्यावरून एचटीटीपीएसने, म्हणजे कूटबद्ध जोडणीने, उतरवून घ्यावी, तिचा ठसा (फिंगरप्रिंट) शक्य असल्यास दुसऱ्या ठिकाणी प्रसिद्ध झालेल्या ठशाशी ताडून पाहावा, फाइल एपीटीच्या ‘कीरिंग्ज’ फोल्डरात ठेवावी आणि स्रोताच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिचा मार्ग द्यावा. जुन्या मार्गदर्शिकांत ‘एपीटी-की’ वापरायला सांगितलेले असते. ती पद्धत आता मोडीत काढली आहे, आणि ते योग्यच झाले. कारण त्या रीतीने घातलेली की सर्वच रिपॉझिटरींसाठी ग्राह्य धरली जात असे, म्हणजे एका लहान प्रकल्पाच्या कीने सही केलेले पॅकेज डेबियनचे म्हणूनही खपले असते. ‘साइन्ड-बाय’मुळे प्रत्येक की तिच्या घरापुरती राहते.

सही असताना एचटीटीपीएस कशाला, असा प्रश्न काही जण विचारतात. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द एपीटीतच एक त्रुटी सापडली, सीव्हीई-२०१९-३४६२. साध्या एचटीटीपीच्या वाटेत बसलेल्या माणसाला तिच्यामुळे सहीची तपासणी चुकवून स्वतःचे पॅकेज गळी उतरवता येत होते. दोन कुलपे असावीत ती यासाठी.

‘ट्रस्टेड=येस’ असताना काय काय बसले, ते एपीटीच्या ‘हिस्टरी’ लॉगमध्ये तारखेसह सापडेल. त्यांतली त्या स्रोताची पॅकेज नव्या कीने तपासून पुन्हा बसवावीत.

प्रश्न : आमच्या संस्थेत सत्तर संगणक आहेत. प्रत्येकाने तेच अपडेट वेगळे उतरवू नये म्हणून संपूर्ण रिपॉझिटरीचा मिरर (हुबेहूब प्रत) कॉलेजात ठेवावा का?

उत्तर : सत्तर संगणकांसाठी पूर्ण मिरर ठेवण्याची गरज नाही. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हा प्रोग्राम एका यंत्रावर बसवावा. तो ३१४२ या पोर्टवर चालतो. पहिल्या संगणकाने मागितलेले पॅकेज तो जपून ठेवतो आणि बाकीच्या एकोणसत्तरांना ते स्थानिक नेटवर्कवरूनच देतो. मिररची अडचण जागेपेक्षा शिस्तीची असते : तो ताजा करणारे काम एखाद्या रात्री अडले आणि कोणी पाहिले नाही, तर सत्तरही यंत्रे ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे सांगत मागे राहतात. डेबियनच्या सुरक्षा रिपॉझिटरीतील ‘रिलीज’ फाइलवर वैधतेची मुदत लिहिलेली असते, त्यामुळे शिळा मिरर काही दिवसांनी पकडला जातो. ती मुदत तपासणे बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सामाजिक संस्थेची कागदपत्रे फाइल साठवण्याच्या ‘नेक्स्टक्लाउड’ या सॉफ्टवेअरवर आहेत. ते डॉकरमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या एका बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालते. आमचा एक स्वयंसेवक दर आठवड्याला सर्व्हरवर ‘एपीटी अपग्रेड’ करतो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : स्वयंसेवकाची नियमितता मोलाची आहे, मात्र त्याच्या कमांडमुळे यजमान यंत्राचा कर्नेल, डॉकर आणि इतर पॅकेज तेवढी दुरुस्त होतात. कंटेनरच्या आत जे आहे, म्हणजे नेक्स्टक्लाउड, पीएचपी, वेब सर्व्हर आणि त्यांच्या सगळ्या लायब्ररी, ते इमेज (कंटेनरचा तयार साचा) ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशीच गोठलेले असते. यजमानाचे एपीटी तेथपर्यंत पोहोचत नाही. इमेज नव्याने उतरवून कंटेनर पुन्हा उभा केला, तरच आतली दुरुस्ती मिळते. ‘डॉकर कंपोज’ वापरत असाल तर ‘पुल’ आणि त्यानंतर ‘अप’ या दोन कमांडचे हे काम आहे. डेटा वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असेल तर तो शाबूत राहतो; तो तसा आहे ना, हे कंटेनर काढण्याआधी पाहावे.

‘लेटेस्ट’ ही खूण लावली म्हणजे आपोआप ताजे होते, असा समज सर्वत्र आढळतो. ती खूण स्वतःहून काहीही उतरवत नाही, आणि बऱ्याच काळाने उतरवले तर वेगळीच अडचण उभी राहते : नेक्स्टक्लाउडला मुख्य आवृत्तीची एकच पायरी एका वेळी चढता येते, मधली गाळता येत नाही. वर्षभर थांबून ‘लेटेस्ट’ उतरवले आणि मध्ये दोन मुख्य आवृत्त्या झालेल्या असल्या, तर कंटेनर सुरू होण्यास नकार देतो. त्यामुळे कंपोजच्या फाइलमध्ये मुख्य आवृत्तीचा आकडा लिहावा, दर आठवड्याला त्याच आकड्याची ताजी इमेज घ्यावी, आणि आकडा वाढवायचा दिवस बॅकअप घेऊन ठरवावा. प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण वर्षभरच दुरुस्ती मिळते, म्हणून नव्या मुख्य आवृत्त्या निघतील तशा या पायऱ्या एकेक करून चढाव्याच लागतील.

शेजारच्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असेल, तर त्याचाही आकडा बांधून ठेवा. त्याच्या मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो आणि लहान दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांत ठरल्याप्रमाणे येतात. त्या निर्धास्त घ्याव्यात. मुख्य आकडा मात्र नुसता बदलला तर नवा सर्व्हर जुन्या डेटाच्या फोल्डरवर उभाच राहत नाही. आधी डंप घेऊन तो नव्यात भरावा लागतो.

प्रश्न : पिंपरीतील आमच्या कार्यालयात ‘सेंटओएस ७’ या प्रणालीवर हिशेबाचा प्रोग्राम चालतो. तिची पॅकेज बसवणारी ‘यम’ ही कमांड चालेना म्हणून एका परिचिताने रिपॉझिटरीचा पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’चा केला. आता चूक येत नाही. आम्ही निश्चिंत राहावे का?

उत्तर : चूक येणे थांबले, पण दुरुस्ती येणे सुरू झालेले नाही. ‘सेंटओएस ७’चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. ‘व्हॉल्ट’ हे जुन्या पॅकेजचे संग्रहालय आहे. तेथून त्या तारखेपर्यंतचे सर्व मिळते आणि त्यानंतरचे काहीही मिळत नाही. ‘यम’ जे ‘अपडेट उपलब्ध नाही’ असे सांगते ते खरेच आहे, कारण यापुढे ते उपलब्ध होणारच नाही.

नवे यंत्र घेऊन त्यावर ‘अल्मालिनक्स’, ‘रॉकी लिनक्स’ किंवा डेबियन नव्याने बसवावे आणि डेटा तेथे न्यावा, हा माझा सल्ला आहे. जागच्या जागी उडी मारण्याची साधने आहेत, तरी दहा वर्षे चाललेल्या यंत्रावर कोणी कधी काय बसवले याची नोंद नसते आणि अशा यंत्रावर ती उडी मध्येच अडते. निवड करताना आधाराची तारीख पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये : ‘सेंटओएस ८’ २०२९ पर्यंत चालेल या अपेक्षेने लोकांनी बसवले होते, डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत अलीकडे आणल्याचे जाहीर झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ते संपले. तारीख कोण पाळणार, हेही तारखेइतकेच महत्त्वाचे असते.

स्थलांतर होईपर्यंत जुन्या यंत्राला इंटरनेटवरून थेट पोहोचता येणार नाही, अशी तजवीज आजच करा. यंत्र बंद केल्यावर डिस्क लगेच पुसू नका. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याची आणि सुरक्षेची घटना सहा तासांत कळवण्याची अट आहे; त्या यंत्रावरचे लॉग वेगळे काढून ठेवावेत.

प्रश्न : ‘एक्सझेड’ प्रकरण वाचल्यापासून मी अपडेट मुद्दाम दोन-तीन आठवडे उशिरा घेते, म्हणजे काही खोट असेल तर तोवर इतरांच्या लक्षात येईल. माझी पद्धत बरोबर आहे का?

उत्तर : सावधगिरीचा हेतू चांगला आहे, पण ती चुकीच्या जागी लावली जात आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातपाती कोड आढळला. पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचचे लॉगइन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे जाणवले, त्याचा माग काढत ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. तो कोड नव्या आवृत्तीतून आला होता. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’ या चाचणीच्या शाखांत तो पोहोचला. ‘बुकवर्म’ या स्थिर शाखेत ५.४.१ ही जुनी आवृत्ती होती, त्यामुळे तेथे तो नव्हता. म्हणजे थांबण्याचे काम स्थिर शाखा आपल्यासाठी आधीच करत असते. तिच्यातील सुरक्षा अपडेट म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. कारखान्याच्या उत्तरात सांगितलेली, निवडून काढलेली दुरुस्ती असते. ती थांबवून ठेवली तर तेवढे दिवस यंत्र उघडे राहते, कारण दुरुस्ती प्रसिद्ध होते त्याच क्षणी त्रुटी कोठे होती हेही जगाला कळते.

उघडे राहणे किती महागात पडते, याचे एक उदाहरण मी नेहमी सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘द्रुपल ७’ या संकेतस्थळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा पथकाने जाहीर केले, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट ताब्यात गेली आहे असेच गृहीत धरावे. आपल्या घड्याळाने ते सात तास म्हणजे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. पुण्यातला एखादा व्यवस्थापक त्या रात्री नेहमीप्रमाणे झोपून सकाळी ताजातवाना उठून बसला असेल, तरी त्याला उशीर झालेला होता.

आपण असे करावे : स्थिर शाखेची सुरक्षा अपडेट आपोआप घ्यावीत आणि दोन-तीन आठवड्यांचे थांबणे बाहेरच्या रिपॉझिटरीतून किंवा डॉकरमधून येणाऱ्या नव्या मुख्य आवृत्त्यांसाठी राखावे. त्यांच्याही सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या मात्र थांबवू नयेत. डेबियनमध्ये आपोआप अपग्रेड सकाळी सहा ते सातच्या दरम्यान होते, आणि त्या वेळी यंत्र बंद असेल तर ते सुरू झाल्यावर होते. एकाच कामाचे दोन सर्व्हर असतील, तर दुसऱ्याची वेळ टायमरमध्ये बदलून संध्याकाळची करावी, म्हणजे पहिल्यावर काही बिघडलेच तर हाताशी दिवस राहतो. अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या सेटिंगमध्ये आपला ईमेल पत्ता लिहावा. डिस्कवरचा कर्नेल ठेवण्याचा ‘बूट’ विभाग भरला, की कर्नेलची अपडेट अडतात, आणि ईमेल नीट जात नसेल तर ते कोणाला कळत नाही. म्हणून त्याचा लॉग महिन्यातून एकदा स्वतः उघडावा आणि शेवटच्या नोंदीची तारीख आजची किंवा कालची आहे ना, ते पाहावे.